‘खाहर’ला ‘ख्वाहिश’शी जोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या नात्यांच्या शब्दांवरच्या लेखात फारसी ‘खाहर’, म्हणजे बहीण, या शब्दाबद्दल तीन गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत. हा शब्द ‘ख्वाहिश’वरून आला, ‘खाला’ हा त्याचाच भाऊबंद, आणि पश्तो, कुर्दी, बलुची भाषांतले बहिणीचे शब्द ही त्याचीच बिघडलेली रूपे. तिन्ही गोष्टी चूक आहेत. इराणी भाषांचा अभ्यास सुरू करणाऱ्याला पहिल्या आठवड्यात शिकवावा इतका हा शब्द सरळ आहे, म्हणून हे पत्र. शिवाय या शब्दाचा एक धागा थेट मराठी घरात येतो आणि तोच नेमका लेखातून सुटला आहे.

संस्कृतात बहिणीला ‘स्वसृ’ म्हणतात. प्रथमा ‘स्वसा’, द्वितीया ‘स्वसारम्’. ऋग्वेदाच्या नवव्या मंडळातल्या पहिल्याच सूक्तात सोम हाताळणाऱ्या दहा बोटांना दहा ‘स्वसारः’ म्हटले आहे, आणि दहाव्या मंडळातल्या यम-यमी संवादात यमाच्या तोंडी हाच शब्द येतो. पारशी धर्मग्रंथ अवेस्तात तो ‘ख्वङ्हर’ असा आहे. प्रथमा ‘ख्वङ्ह’, द्वितीया ‘ख्वङ्हरेम’. त्यातल्या अर्द यश्त या स्तोत्रात ‘अशी’ नावाच्या देवतेची नाती सांगितली आहेत: बाप अहुर मज्द, आई स्पेन्ता आर्मइती, भाऊ स्रओश, रश्नु आणि मिथ्र, आणि ‘ख्वङ्ह’ म्हणजे मज्दयस्नी धर्म. अवेस्ताचाच भाग असलेल्या वेंदिदादच्या बाराव्या अध्यायात कोणाच्या मृत्यूनंतर किती दिवस पाळायचे याची यादी आहे. भाऊ किंवा बहीण गेल्यास, मृत व्यक्ती पुण्यवान असेल तर ३० दिवस आणि पापी असेल तर ६०. म्हणजे ‘ख्वाहिश’ला मध्ये न घेताही हा शब्द या जुन्या ग्रंथांत सुखाने नांदतो आहे.

‘स्वसृ’ आणि ‘ख्वङ्हर’ यांत एकापासून दुसरा निघालेला नाही. दोघी एका आईच्या लेकी. रूपांत जो फरक दिसतो तो दोन नियमांनी पुरता उलगडतो. पहिला नियम असा की इराणी शाखेत स्वराआधीचा, तसाच म आणि व यांच्याआधीचा ‘स’ हा ‘ह’ होतो. सप्त–हप्त, सोम–हओम, सिंधु–हिंदु, अस्मि–अह्मि. आपण कर्जाचा जो ‘हप्ता’ भरतो तो ‘सप्ताह’चाच इराणी चुलतभाऊ. मात्र त्या ‘स’च्या पाठोपाठ त, प, क आले तर तो टिकतो, म्हणून ‘अस्ति’चे फारसीत ‘अस्त’ राहिले, ‘अह्त’ झाले नाही. या अपवादाकडे दुर्लक्ष करून दिसेल त्या ‘स’चा ‘ह’ करत सुटले की भलभलत्या व्युत्पत्त्या जन्माला येतात.

‘स्वसृ’मध्ये ‘स’ दोन आहेत आणि दोन्ही या नियमात सापडतात. पहिल्यामुळे ‘स्व’चे ‘ह्व’ झाले, दुसऱ्यामुळे मधल्या ‘स’चे ‘ह’. अवेस्तात दोन ‘अ’कारांमधल्या या ‘ह’आधी एक अनुनासिक उगवते, जसे ‘मनसा’चे ‘मनङ्हा’. ‘ख्वङ्हर’मधला ‘ङ’ तोच. फारसीच्या वंशात हे अनुनासिक नाही, म्हणून ‘खाहर’मध्ये ते शोधत बसू नये.

दुसरा नियम ‘ह्व’चा. बऱ्याच इराणी भाषांत या जोडाक्षरातला ‘ह’ घशात घासला जाऊन ‘ख्व’ झाला. हा ‘ख’ आपला ‘खडू’तला नव्हे, घशातून खरवडून येणारा. स्वप्न–ख्वाब, स्वेद–खय (घाम), स्वर् (सूर्य)–खोर, आणि ‘स्व’पासूनचे ‘खुद’. मराठीतला ‘खुद्द’ आणि संस्कृतातला ‘स्व’ मुळाशी एकच आहेत हे इथे लक्षात येते. पारशी मंडळींच्या ‘खोर्शेद’ या नावातला ‘खोर’ म्हणजे तोच ‘स्वर्’.

आता ‘खाहर’चे फारसी लेखन पाहू. अक्षरे पाच: खे, वाव, अलिफ, हे, रे. जसे लिहिले तसे वाचायचे तर ‘ख्वाहर’. इराणात आज हा वाव कोणी उच्चारत नाही. फारसी व्याकरणात त्याला ‘वाव-ए-मअदूला’ म्हणतात, म्हणजे वाटेतून बाजूला सरलेला वाव. जुन्या काव्यात छंद मोजताना ‘ख्व’ एकाच व्यंजनाइतका धरतात, म्हणून वृत्तात ‘खाहर’चे वजन ‘मादर’इतकेच भरते. जुने कवी ‘खुद’चे यमक ‘बद’शी जुळवतात, कारण तेव्हा तो ‘ख्वद’ होता. मराठीला हा मुका वाव नवीन नाही. दरख्वास्तची आपण ‘दरखास्त’ केली, तनख्वाहची ‘तनखा’. दफ्तरात कारकुनाच्या कानाला जे ऐकू आले ते त्याने लिहिले आणि वाव गळाला. हिंदीत ‘ख्वाहिश’, ‘ख्वाब’ असे लिहिताना तो दिसतो. तेव्हा ‘खाहर’ आणि ‘ख्वाहिश’ यांच्या आरंभी एकसारखी अक्षरे आहेत एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. अशी अक्षरे ‘खाब’लाही आहेत.

‘ख्वाहिश’ची घडण वेगळीच आहे. ‘खास्तन’ म्हणजे इच्छिणे. त्याचे वर्तमान अंग ‘खाह’, आणि त्याला ‘इश’ हा भाववाचक प्रत्यय लागला. ‘शिफारस’, ‘फर्माईश’, ‘परवरिश’ यांच्या शेपटाला तोच प्रत्यय आहे. ‘खाहर’ या क्रियापदापासून काढायचा तर ‘खाह’ला ‘अर’ जोडावा लागेल, आणि फारसीत माणूस दाखवणारा असा ‘अर’ प्रत्यय नाही. ‘आर’ आहे, पण तो भूतकाळी अंगाला लागतो: खरीद–खरीदार, खास्त–खास्तार (मागणी घालणारा). म्हणजे व्याकरणही बसत नाही.

मग ‘खाहर’च्या शेवटचा ‘र’ कुठला? तो मूळ ‘स्वसृ’तला ‘ऋ’. पण त्याचा प्रवास थोडा वाकडा आहे, आणि मराठी वाचकाला तो इतरांपेक्षा लवकर समजेल. आपण ‘सासू’ म्हणतो, पण ‘सासवेला’. ‘भाऊ’ म्हणतो, पण ‘भावाला’. नाव घ्यायचे रूप एक, विभक्ती लावायचे सामान्यरूप दुसरे. मध्य फारसीत, म्हणजे इस्लामपूर्व इराणातल्या सासानी राजवटीच्या काळाच्या भाषेत, आरंभी अशीच जोडी होती. प्रथमेला ‘र’ नव्हता, इतर विभक्त्यांना होता. ‘स्वसा’ आणि ‘स्वसारम्’मध्येही तोच भेद आहे. त्यावरून ‘ख्वह’ आणि ‘ख्वहर’ अशी दोन रूपे उतरली. तशीच पिद–पिदर (बाप), माद–मादर (आई), ब्राद–ब्रादर (भाऊ), दुख्त–दुख्तर (मुलगी). पुढे विभक्ती गळून गेली, जोडीतल्या रूपांचे वाटप उरले नाही, आणि आजच्या फारसीने बहुतेक ठिकाणी ‘र’वाले रूप ठेवून दुसरे सोडून दिले. ‘दुख्त’ तेवढे नावांमध्ये आणि काव्यात मागे राहिले.

याच रांगेत ‘पिसर’ (मुलगा) उभा आहे आणि तो मात्र फसवा आहे. ‘पुत्र’मधला ‘त्र’ जुन्या पर्शियनमध्ये ‘स’सारखा झाला, तिथून मध्य फारसीत ‘पुस’. ‘र’ त्यातच विरघळला. मग ‘पिदर’, ‘मादर’, ‘ब्रादर’ यांच्या पंगतीला बसवण्यासाठी ‘पुस’लाही एक ‘अर’ चिकटवला गेला. म्हणजे ‘पिसर’मधला ‘र’ ‘पुत्र’मधला नव्हे. तो आईबापांकडून उसना आणलेला. लेखात ‘पिसर’ आणि ‘खाहर’ यांचे ‘र’ एकाच मापाने मोजले आहेत, तिथे घसरगुंडी झाली.

मध्य फारसी ज्या लिपीत लिहीत त्या पहलवी लिपीचा उल्लेख लेखात नाही, पण कुणी मूळ ग्रंथ उघडला तर पहिली ठेच तिथेच लागेल. सासानी लेखनिक कित्येक रोजचे शब्द आरामी या सेमिटिक भाषेत लिहीत आणि मध्य फारसीत वाचत. बहिणीसाठी आरामी ‘अहता’ची अक्षरे लिहायची, वाचायचे ‘ख्वह’. भावासाठी आरामी ‘अह’, त्याला ‘त’ आणि ‘ल’ यांची शेपटी, आणि वाचायचे ‘ब्रादर’. ती शेपटी वाचकाला सांगते की इथे ‘-दर’ने संपणारा शब्द आहे, आणि ‘ल’ हे अक्षर तिथे ‘र’ म्हणून चालते. आपण ‘२’ लिहून मराठीत ‘दोन’ आणि कन्नडात ‘एरडु’ वाचतो, त्यातलाच हा प्रकार. हे माहीत नसले की ‘सासानी काळी बहिणीला सेमिटिक शब्द होता’ असा निष्कर्ष निघतो. एके काळी ही आरामी रूपे खरोखर बोलली जात असा समज होताच.

जुन्या पर्शियन शिलालेखांत बहिणीचा शब्द येत नाही, भावाचा येतो. इराणातल्या बेहिस्तूनच्या लेखात दारयवहु (दरायस) राजा सांगतो की बर्दिय हा आधीच्या राजाचा, कंबुजियचा, ‘ब्राता’, ‘हमाता हमपिता’, म्हणजे एकाच आईचा आणि एकाच बापाचा. राजकारणात बहिणींची नोंद दगडावर झाली नाही, एवढेच.

आता त्या ‘बिघडलेल्या’ भाषा. पश्तोत बहीण म्हणजे ‘खोर’, अनेकवचन ‘ख्वेंदे’. आई ‘मोर’, अनेकवचन ‘मेंदे’. ही अनेकवचने फारसीतून येणे शक्यच नाही, कारण फारसीत तशी कधी नव्हती. ओसेटी ही काकेशस पर्वतातली इराणी भाषा. तिच्या इरॉन बोलीत ‘खो’ आणि दिगोर बोलीत ‘ख्वेरे’. दिगोरने ‘र’ ठेवला, इरॉनने टाकला. कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण काठावर माझंदरानीत ‘खाखेर’ म्हणतात. तिथे मधला ‘ह’सुद्धा ‘ख’ झाला. जुन्या, आता लुप्त झालेल्या इराणी भाषांपैकी पार्थियनमध्ये ‘व्खार’, सोग्दीत ‘ख्वार’, खोतानीत ‘ह्वर’. खोतानी म्हणजे आजच्या शिनच्यांगमधल्या बौद्ध शकांची भाषा. तिथे ‘ह्व’ लिहिण्यात तसाच राहिला. या सगळ्या भाषा फारसीच्या मुली नाहीत, बहिणी आणि चुलतबहिणी आहेत.

बलुचीचे ‘ग्वहार’ पाहून लेखकाने ‘ग’ कुठून आला असे विचारले आहे. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही नियमातच आहे. बलुचीत आरंभीच्या ‘व’चा ‘ग्व’ होतो: वात (वारा) तिथे ‘ग्वात’ आहे. ‘ह्व’मधला ‘ह’ गळाला, उरलेल्या ‘व’ला ‘ग’ चिकटला. तुर्कस्तानातल्या झाझाकी या इराणी भाषेत पहिली पायरी झाली आणि दुसरी झाली नाही, म्हणून तिथे बहीण नुसती ‘वा’. फारसीतून बिघडून ‘खाहर’चा ‘ग्वहार’ होण्यासाठी आधी गेलेला वाव परत आणावा लागेल, मग ‘ख’ पुसावा लागेल. उलटा प्रवास कोणतीही भाषा करत नाही.

कुर्दीचा ‘ख्विश्क’ सगळ्यांत मजेचा. तिच्या कुर्मांजी बोलीत ‘ख्विश्क’, सोरानी बोलीत ‘खूश्क’. यात ‘र’ नाही, आणि मागे ‘श्क’ लागला आहे. तो लाडाचा, लहानपणा दाखवणारा प्रत्यय आहे. कोरडा या अर्थाच्या फारसी ‘खुश्क’शी त्याचा काही संबंध नाही. ‘र’ कुर्दीतून हरवला असे वाटते, पण बहिणीच्या मुलाला कुर्मांजीत ‘ख्वारझी’ म्हणतात. तिथे तो जागच्या जागी आहे. फारसीतला ‘खाहरजादा’ हाच. उत्तरार्धातले ‘जादा’ म्हणजे संस्कृत ‘जात’; आपल्या ‘शहाजादा’तही ते आहे. सुटा शब्द बदलतो आणि समासात जुने रूप जपून राहते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे मराठीसाठी लागणार आहे.

‘खाला’बद्दल थोडक्यात. तो अरबी. मामा ‘खाल’, मावशी ‘खाला’, धातू ख-व-ल. फारसीने आत्या, मावशी, काका यांचे शब्द अरबीतून घेतले आणि मामाचा ‘दाई’ तुर्कीतून. आई, बाप, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी हे घरातले सहा मात्र आपलेच राखले. हाकेचे शब्द आणखी सैल असतात. तेहरानमध्ये मोठ्या बहिणीला ‘आबजी’ म्हणून हाक मारतात, तो तुर्की; ताजिकीत मोठी बहीण ‘अपा’, तोही तुर्की; काबूलमध्ये अनोळखी बाईला ‘हमशीरा’ म्हणतात, म्हणजे एका दुधावरची. आपल्याकडे ‘ताई’, ‘अक्का’ हाकेला आणि ‘बहीण’ नाते सांगायला, तसेच ते. व्युत्पत्ती काढताना हाकेचा शब्द आणि नात्याचा शब्द एका रकान्यात भरू नयेत. लेखातल्या तक्त्यात भरले आहेत.

ध्वनिसाम्याचे दोन सापळेही नोंदवून ठेवतो. पश्तो ‘खोर’ (बहीण) आणि मराठी ‘चहाडखोर’, ‘लाचखोर’मधला ‘खोर’ यांचा संबंध नाही. तो खाणे या अर्थाच्या ‘खुर्दन’पासून आला. त्यालाही मूळचा ‘ख्व’च आहे, म्हणून ऐकायला सारखा. सूर्याचा ‘खोर’ तिसरा. दुसरा सापळा दूरचा: वेल्श भाषेत बहिणीला ‘ख्वाएर’ म्हणतात. फारसीच्या इतके जवळ की कुणालाही मोह व्हावा. मूळ शब्द एकच हे खरे, पण ‘स्व’चे ‘ख्व’ तिथे स्वतंत्रपणे झाले. वेल्श आणि इराणी लोकांनी ते एकमेकांकडून घेतलेले नाही.

‘स्व’च्या नियमाची उलट तपासणी करायची तर सासऱ्याकडे जावे. संस्कृत ‘श्वशुर’मध्ये आरंभीच ‘श’ आहे, मग अवेस्तात ‘ख्वसुर’ का? कारण मूळ शब्द ‘स्व’नेच सुरू होत होता. संस्कृतात पुढच्या ‘श’च्या ओढीने पहिला ‘स’ही ‘श’ झाला. इराणीने जुना ‘स’ त्याच्या नियमाप्रमाणे ‘ह’ केला: दरी (अफगाणिस्तानातली फारसी) आणि ताजिकीत ‘खुसुर’, कुर्मांजीत ‘खेझूर’, पश्तोत ‘स्खर’. इथे संस्कृतापेक्षा इराणी रूप मुळाला जवळचे निघते. सगळे संस्कृतातून निघाले असे धरून चालणाऱ्यांनी हा सासरा एकदा भेटून घ्यावा.

राहिली मराठी. लेखात म्हटले आहे की ‘स्वसृ’ मराठीतून पूर्ण नाहीसा झाला, त्याची जागा ‘भगिनी’वरून आलेल्या ‘बहीण’ने घेतली. सुटा शब्द गेला हे बरोबर. पण समास पाहा. आईची बहीण ती ‘मातृष्वसृ’. ‘मातृ’ आणि ‘पितृ’ यांच्यापुढे ‘स्वसृ’च्या ‘स’चा ‘ष’ होतो असा पाणिनीचा स्वतंत्र नियम आहे, म्हणजे हे समास त्याच्या काळी चांगले रुळलेले असणार. हेमचंद्राने बाराव्या शतकात प्राकृत व्याकरणात ‘माउसिआ’ आणि ‘माउच्छा’, तसेच ‘पिउसिआ’ आणि ‘पिउच्छा’ ही रूपे दिली आहेत. ‘माउसिआ’वरून आपली मावशी, हिंदीतली मौसी, गुजरातीतली मासी. ‘पिउसिआ’वरून बंगालीत आत्याला ‘पिशी’. मराठीने आत्या प्राकृत ‘अत्ता’कडून घेतली, त्यामुळे बापाकडची ‘स्वसृ’ आपल्याकडे उरली नाही, आईकडची उरली.

‘मावशी’त ‘श’ का, हे विचारणारा वाचक भेटला तर त्याला मराठीचाच नियम दाखवावा. पुढे ‘ई’ आली की मराठीत ‘स’चा ‘श’ होतो: असा–अशी, कसा–कशी, म्हैस–म्हशी. ‘ई’ नसली की मूळ ‘स’ दिसतो. मावशीचा नवरा ‘मावसा’, तिचा मुलगा ‘मावसभाऊ’. आणि ‘मावसबहीण’ म्हणताना आपण आई, मग ‘स्वसृ’, मग ‘भगिनी’ असे तीन शब्द एका दमात बोलतो. त्यांत बहीण दोनदा येते. कुर्दीच्या ‘ख्वारझी’त ‘र’ जसा दडून बसला, तशीच ही.

पुरवणीच्या पुढील अंकी दुरुस्ती छापणार असाल तर तक्त्यापुरती विनंती अशी. ‘खाहर’पुढचा ‘ख्वाहिशवरून’ हा शेरा काढावा. ‘खाला’ अरबी रकान्यात न्यावा. पश्तो, बलुची आणि कुर्दी शब्दांपुढचे ‘फारसीचा अपभ्रंश’ पुसावे आणि ओसेटीची रिकामी जागा ‘खो’ने भरावी. ‘आबजी’ आणि ‘हमशीरा’ वेगळ्या ओळीत द्यावेत. शेवटच्या रकान्यात मराठीपुढे ‘संबंध नाही’ असे छापले आहे. तिथे ‘मावशी’ छापावे.

आपले,
अवेस्ता आणि प्राकृताचे दोन अभ्यासक, पुणे